तीन रेघा, एक लेन्स

सौंसरच्या आमच्या स्टुडिओत शहाबादी फरशीवर तीन रेघा आहेत. पांढऱ्या ऑइलपेंटच्या, आता पार झिजलेल्या. पडद्यापुढच्या स्टुलापासून पहिली पाच फुटांवर, दुसरी नऊ आणि तिसरी चौदा. बाबांनी १९७६ साली स्टुडिओ उघडला, त्याच आठवड्यात त्या मारल्या. नंतर फरशी दोनदा घासून घेतली, भिंतींचे रंग बदलले, पण रेघांना मी हात लावू दिला नाही.

परवाच्या श्रावणात पांढुर्ण्याहून एक पोरगा आला. गळ्यात कोणाकडून तरी जुना घेतलेला निकॉन डी३१००, त्यावर १८-५५ ची कीट लेन्स. पोळा आठ दिवसांवर आला होता. "ताई, आता पुढची लेन्स कोन्ती घेऊ वं?" त्यानं विचारलं आणि मोबाइलमधली यादी दाखवली. दोन लेन्स, चार फिल्टर, ट्रायपॉड, फ्लॅश, बॅग. पैसे संत्र्याच्या आंबिया बहारावर घरून मिळणार होते, तेही एकदाच. त्याला चटकन उत्तर देणं मला जमलं नाही. आमच्या भागात हा प्रश्नच नवा आहे. माझ्या बाबांना अर्धं आयुष्य तो पडला नव्हता, कारण निवडायला काही नव्हतंच.

फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ मध्ये. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी खास चेहऱ्यांसाठी लेन्स आखली. आधीच्या लेन्समधून उजेड इतका कमी यायचा, की समोरच्याला मिनिटंच्या मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागे. पेट्झवालच्या लेन्सनं तो त्रास कितीतरी कमी केला. तेव्हापासून लेन्सचे प्रश्न मुळात दोनच आहेत: उजेड किती घेणार आणि अंतर किती ठेवणार. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. पण मुंबई आम्हाला फार लांब. आमचं सगळं नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाड्याबरोबर आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. सोयरीक, बाजार आणि बोली मात्र तिकडचीच राहिली. फोटोचा धंदाही तसाच. रोल, कागद, हायपो, सगळं नागपूरच्या बर्डीवरून यायचं. पांढुर्ण्याला मोठ्या लायनीनं, सौंसरला छोट्या लायनीच्या गाडीनं. ती छोटी लाइन २०१५ च्या अखेरीस बंद झाली. बाबांच्या पिशवीतल्या रोलच्या डब्यांचा खडखडाट मी त्या गाडीत किती वेळा ऐकला असेल!

बाबांचा कॅमेरा यशिका-मॅट १२४ जी. दोन डोळ्यांचा. वरच्या डोळ्यानं बघायचं, खालच्यानं फोटो निघायचा. तो पोटाशी धरून मान खाली घालून बघावं लागे, म्हणून बाबा फोटो काढताना गिऱ्हाइकाला नमस्कार करतायत असं वाटायचं. काचेवर चित्र सुलट दिसे, पण डावं-उजवं उलटं. गिऱ्हाइकाला "थोडं डावीकडं" सांगताना नवखा माणूस हमखास चुकायचा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. लेन्स ८० मिलिमीटरची, कॅमेऱ्याला कायमची जडलेली. ती काढता येत नव्हती, झूमही होत नव्हती.

त्या रेघा म्हणजे त्यावरचा बाबांचा तोडगा. पाच फुटांवर छातीपर्यंतचा फोटो, नऊवर उभा माणूस, चौदावर कुटुंब. पाचाच्या आत ते कधी गेले नाहीत. फार जवळ गेलं की नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. हे मला कळलं तेव्हा वाटलं, हा लेन्सचा दोष. तो लेन्सचा नाहीच. चेहऱ्याची ठेवण फोटोत कशी उतरेल हे अंतर ठरवतं. त्या अंतरावरून किती भाग चौकटीत घ्यायचा एवढंच लेन्स ठरवते. नवखा माणूस नेमकं हेच उलटं धरून चालतो आणि अंतराचा प्रश्न पैशानं सोडवायला जातो. बाबा म्हणायचे, "लेन्स फिरत नाही ना, मग आपण फिरायचं."

एका लेन्सवर बाबांनी वीस वर्षं संसार चालवला. लग्नं, वऱ्हाडाचे ग्रुप, जामसावळीच्या मारुतीला नवस फेडायला आलेली माणसं. घरोघरी तेव्हा आग्फाचा क्लिक थ्री असायचा. बडोद्याला बनणारा, साधा, उन्हासाठी आणि ढगासाठी एक-एक खूण असलेला. त्याचे रोल धुवायला आमच्याकडे यायचे आणि निम्म्या फोटोंत माणसं मुंगीएवढी असायची, कारण जवळ जायचा कोणालाही संकोच. १९९३ मध्ये निवडणूक आयोगानं मतदार ओळखपत्रांचा आदेश काढला, तेव्हा टी. एन. शेषन मुख्य आयुक्त होते. त्यानंतर आमच्या भागातली कितीतरी म्हातारी माणसं आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसली. फोटोग्राफर त्यांच्या किती जवळ उभा आहे, यावर त्यांच्या चेहऱ्यावरची भीती कमी-जास्त व्हायची, हे मी तेव्हा बाबांच्या मागे दिवा धरून उभी राहून पाहिलं.

निवड आमच्या घरात आली ती निकॉनच्या एफएम१० बरोबर. हा कॅमेरा १९९५ चा. आम्ही दोन वर्षांनी घेतला, ३५-७० च्या झूमसकट, आणि मागाहून ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स. बाबांनी ती ५० माझ्या हातात दिली. कारण धंद्याचं होतं. हळदीला, नवरीच्या खोलीत, बाबांना उंबरठ्यावरून मागे फिरावं लागे. मला आत बोलवत. खोली आठ बाय दहाची, एक पिवळा बल्ब आणि पंधरा बायका. तिथं झूमपेक्षा उजेड पिणारी लेन्स हवी होती. कोणती लेन्स हवी हे कॅटलॉगनं सांगितलं नाही. मला कुठं उभं राहू देतात, त्यानं सांगितलं.

डिजिटल आलं तेव्हा हाच धडा मी विसरले. कॅननचा ३०० डी हा हजार डॉलरच्या आतला पहिला मोठ्या खपाचा डीएसएलआर २००३ मध्ये निघाला, पण आमच्याकडे ती लाट पोहोचायला बरीच वर्षं लागली. २०११ मध्ये मी डी३१०० घेतला. घरातली ५० आहेच, नवी कशाला, असं मी धरून चालले होते. लेन्स बसली, पण ऑटोफोकस होईना. जुन्या डी जातीच्या लेन्सला स्वतःची मोटर नसते. ती बॉडीतल्या मोटरवर चालते आणि डी३१०० मध्ये ती मोटर नाही. दुसरं, सेन्सर फिल्मपेक्षा लहान, म्हणून निकॉनच्या या बॉडीवर ५० ची लेन्स फिल्मवरच्या ७५ सारखी दिसते. आठ बाय दहाच्या खोलीत माझी पाठ भिंतीला टेकली आणि नवरी तरी चौकटीत मावेना. तो सगळा हंगाम मी हातानं फोकस करत काढला. मग ३५ ची एफ १.८ घेतली, एएफ-एस, म्हणजे मोटरवाली. तिथून कामाला पुन्हा श्वास आला. कीट लेन्स ३५ वर जितका उजेड आत घेते, त्याच्या सुमारे सहापट ही घेते.

सामानाचंही तसंच. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते. ती जुनी ५० मी एका पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये ठेवून दिली, फार जपून म्हणून. चामडं ओल धरतं. दसऱ्याला केस उघडली तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. बाबांनी लेन्स उन्हाकडे धरून पाहिली आणि काही न बोलता परत दिली. त्यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून माझ्या लेन्स घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात असतात, सोबत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतायचे आणि पुन्हा निळे झाले की आत टाकायचे. तो तवा त्याच कामाला ठेवलेला, स्वयंपाकाला नाही.

फ्लॅश सगळे घेतात, तोंड सरळ माणसाकडे करून. घरात तो छताकडे वळवला तर उजेड मऊ पडतो. पण मांडवात छत म्हणजे कापड. लाल कापडावरून परतलेल्या उजेडात गोरी नवरीसुद्धा ताप आल्यासारखी दिसते. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी मी मांडव बघून येते. फिल्टरच्या बाबतीत निकॉनवाल्यांचं एक सुख आहे. एफएम१० ची झूम, १८-५५, ५५-२०० आणि ३५, सगळ्यांच्या तोंडाचं माप ५२. एकच फिल्टर चारही लेन्सना चालतो. मात्र पोलरायझर घ्यायचा तर सर्क्युलर. जुन्या लिनियर पोलरायझरनं ऑटोफोकस आणि मीटर दोन्ही गोंधळतात. स्वस्तातल्या काचा तर नकोच. चांगल्या लेन्सपुढे खिडकीची काच लावण्यातला तो प्रकार.

हे सगळं मी त्या पोराला सांगितलं. त्याच्या यादीत सगळ्यात वर ५५-२०० होती. "गोटमारीसाठी," तो म्हणाला.

गोटमार मला परकी नाही. माझं आजोळ सावरगावचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात झेंडा लावलेला पळस उभा करतात. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्याला सावरगाव, मध्ये दगडांचा वर्षाव. झेंडा मिळवून चंडिकेच्या देवळात नेईपर्यंत हे चालतं. दरवर्षी शेकडो जखमी होतात, जीवही गेले आहेत. २०१२ साली मी मामाच्या गच्चीवरून ५५-२०० लावून फोटो काढले. २०० वर एका मुलाच्या कपाळाला दगड लागताना मला स्पष्ट दिसला. बोट आपोआप दाबलं गेलं. फोटो धारदार आला. मी मात्र गच्चीवरच होते. लेन्सनं चित्र जवळ आणलं, मला नाही. तो फोटो मी कधी छापला नाही. खाली आले तेव्हा मामी दारात एका पोराच्या कपाळावर फडकं दाबून बसली होती. मी विचारलं, ती हो म्हणाली, पोरगंही हो म्हणालं. ३५ लावली आणि पाच फुटांवरून एकच फोटो घेतला. मामीची बोटं, भिजलेलं फडकं आणि पोराचे मिटलेले डोळे. त्याच दिवशी सौंसरच्या गल्लीत पोरं लाकडी बैल घेऊन तान्ह्या पोळ्याला फिरत असतात. मी संध्याकाळी परतले, तेही फोटो ३५ नंच काढले.

म्हणून त्या पोराला म्हटलं, आत्ता काहीच घेऊ नकोस. आहे त्या १८-५५ वर पोळा काढ. प्रत्येक फोटोच्या माहितीत लेन्स किती मिलिमीटरवर होती ते लिहिलेलं असतं. ते मोज आणि ये.

तो आला, वहीत हिशेब मांडून. २८६ फोटो, त्यांतले १९० च्या वर ५५ ला. "बघ ताई, मला लांबचीच पाहिजे." आकडे त्याच्या बाजूचे होते. मी फोटो पाहिले. झूल घातलेले बैल, शिंगांना बेगड, बाशिंगं, तोरणाखाली उभे शेतकरी. सगळे त्याच्याच गावचे, ओळखीचे. आणि सगळे रस्त्याच्या पलीकडून काढलेले. क्लिक थ्रीच्या रोलमधली ती मुंगीएवढी माणसं मला आठवली. याच्याकडे झूम होती म्हणून माणसं मोठी दिसत होती, एवढाच फरक.

मी स्टुलावर बसले आणि त्याला तिसऱ्या रेघेवर उभं केलं. झूम ३० वर ठेवायला सांगितली, कारण बाबांच्या यशिकाच्या ८० एवढं दृश्य या बॉडीवर तिथंच मिळतं. रिंगवर चिकटपट्टी लावली. "आता हलायचं ते तू." चौदा फुटांवर तो आरामात होता. नऊवर कॅमेरा थोडा खाली आला. पाचावर आल्यावर त्यानं आधी विचारलं, "ताई, काढू का?"

हा प्रश्न त्याला पोळ्याच्या दिवशी एकदाही कोणाला विचारावा लागला नव्हता.

त्यानं शेवटी एक जास्तीची बॅटरी, सिलिका जेल आणि डबा घेतला. ३५ ची जुनी, पण बुरशी नसलेली लेन्स नागपुरात बघून ठेवली आहे. लांबची लेन्स पुढच्या बहाराला बघू, असं तोच म्हणाला. जाताना त्यानं वाकून पहिली रेघ बोटानं पुसून पाहिली. रंग उरलाय किती, ते बघत होता. पोळा झाला, आता दिवाळीच्या आधी तिन्ही रेघा मी पुन्हा रंगवून घेणार आहे.