पथ्य कोणाच्या हातीं?

रोगांचा इतिहास हा बहुधा वैद्यांचा आणि औषधांचा इतिहास असतो. मधुमेहाचें तसें नाहीं. या रोगांत वैद्याची गांठ महिन्यांतून एकदां पडते. उरलेले एकोणतीस दिवस रोग्याला आपली वैद्यकी आपणच करावी लागते. त्या कामीं त्याला काय साहाय्यक झालें आणि काय आडवें आलें, याचा विचार आज आपल्या बुलढाणा जिल्ह्याकडे दृष्टि ठेवून करूं.

हा रोग आपल्या पूर्वजांना चांगला परिचित होता. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें लक्षण चरकसंहितेंत नमूद आहे. सुश्रुतानें दोन प्रकार मानले : एक जन्मतः येणारा, दुसरा अपथ्यानें जडणारा. त्याचा उपचार तर फारच मननीय आहे. निर्धनानें पायांत वहाण न घालतां, भिक्षा मागत, एका गांवीं एकच रात्र राहून शंभर योजनें चालावें. धनिकानें सांवा, देवभात असल्या तृणधान्यांवर राहावें. कृश रोग्याला मात्र जपावें. योजन चार कोसांचें धरल्यास ही चारशें कोसांची चाल होते! यांतील मर्म हें कीं, रोग एकच असला तरी रोग्याची सांपत्तिक स्थिति व शरीराची शक्ति पाहूनच पथ्य सांगितलें पाहिजे.

परंतु केवळ पथ्यानें सर्वच रोगी वांचत नसत. लहान मुलांना हा रोग झाला, कीं मृत्यु ठरलेलाच असे. अमेरिकेंत तर त्यांना जवळजवळ उपाशी ठेवून कांहीं महिने जगवीत. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन शोधून काढलें आणि जानेवारी १९२२ मध्यें चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला तें प्रथम टोंचलें. मुलगा वांचला. पण रोज टोंचावयाची सुई रोज कोणी टोंचावी? बोस्टनच्या डॉक्टर जॉस्लिन यांचें उत्तर होतें, रोग्यानें स्वतः. त्यांनीं १९१८ पासूनच रोग्यांसाठीं पुस्तक लिहून त्यांना जणूं शाळेंत बसविलें होतें. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणांत लघवीचे थेंब टाकून तें तापवावें. साखर असेल त्या मानानें रंग हिरवा, पिवळा, अखेर विटकरी होतो, ही परीक्षा घरोघर होऊं लागली. आज बोटाच्या रक्ताच्या एका थेंबावरून तीच गोष्ट लहानसें यंत्र सांगतें. १९३४ सालीं लंडनमध्यें डॉक्टर लॉरेन्स आणि लेखक वेल्स या दोघां मधुमेह्यांनीं रोग्यांचा संघ काढला. मुंबईंत १९५५ मध्यें तशी संस्था निघाली. एकट्यानें पाळावयाचें पथ्य सोबतीनें सुसह्य होतें, हें यावरून कळून आलें.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. वऱ्हाडांत ज्वारीची भाकरी हें रोजचें अन्न आणि शेतावर पायीं जाणें हा नित्यक्रम होता. गेल्या काहीं दशकांत सोयाबीननें ज्वारीचीं शेतें व्यापलीं, ताटांत रेशनचा गहूतांदूळ आला आणि शेताची वाट मोटरसायकलनें होऊं लागली. भाकरीही मोजूनच खावी लागते, हें खरें. तिनेंही साखर वाढतेच. पण तिच्यासोबतचे श्रम गेले, ही हानि मोठी. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें भारतांत दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. तेव्हां हा केवळ शहरांतील श्रीमंतांचा रोग राहिलेला नाहीं.

अडचणी तरी किती! तपासणीसाठीं तालुक्याला जावें तर मजुराची दिवसाची रोजी बुडते. बरें वाटूं लागलें कीं औषध थांबतें. कोणी कडुनिंबाच्या रसावर भरंवसा ठेवून सुई टाकून देतो. एकादशीला साबुदाणा खाल्ला म्हणजे उपवास घडला असें आपण मानतों. साबुदाणा म्हणजे तर निव्वळ पिष्ट. उलट, इन्सुलिन टोंचून निर्जळी उपास केला तर घाम, कांपरें व बेशुद्धि येते. अशा वेळीं रोगी शुद्धीवर असतांनाच तोंडांत साखर घालणें हेंच औषध. मुलीचें लग्न जमणार नाहीं या भयानें रोग लपविला जातो, तो अन्याय निराळाच.

सुश्रुताच्या वेळचा एक नियम मात्र आज मोडला पाहिजे. या रोगांत पाय बधिर होतात. कापूस वेंचतांना रुतलेला बाभळीचा कांटा कळत नाहीं, जखम चिघळते आणि पाय कापण्याची पाळी येते. म्हणून चालावें भरपूर, पण अनवाणी नव्हे. आणि रात्रीं दिव्यापाशीं घरच्या कोणीतरी तळपाय न्याहाळून पाहावे.

सोयीही आपल्यापाशीं आहेत. शेगांवाहून पंढरीला पायीं जाणाऱ्या पालखीच्या या जिल्ह्याला चालण्याचें महत्त्व शिकवावें लागूं नये. घरीं फ्रीज नसेल, तर उन्हाळ्यांत इन्सुलिनची बाटली डब्यांत बंद करून, पाणी न लागेल अशी, ओल्या मातीच्या मडक्यांत ठेवतां येते.

सर्वांत मोठी अडचण मात्र पंगतींत आहे. पाहुण्यानें नको म्हटलें तरी त्याच्या पानांत जिलबी पडते, आणि तिला आपण प्रेम म्हणतों. सुश्रुतानें रोग्याची परिस्थिति पाहिली. ती परिस्थिति म्हणजे आपणच आहों. पुढच्या लग्नांत वाढपी होऊन फिराल, तेव्हां “नको” म्हणणाऱ्याच्या पानावरून हात मागें घ्या आणि त्याला ताक वाढा.