रघुनाथ कृष्ण जोशी आणि संगणकावरील देवनागरी

रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांची ओळख सुलेखनकार, कवी आणि जाहिरातक्षेत्रातील कलादिग्दर्शक अशी सांगितली जाते. तथापि महाराष्ट्रातील आधुनिक आलेखनकलेच्या, म्हणजे अक्षर आणि चित्र यांच्या योजनेतून आशय पोहोचवणाऱ्या कलेच्या, इतिहासात त्यांचे स्थान ठरते ते देवनागरीकडे पाहण्याच्या त्यांच्या दृष्टीमुळे. मुंबईच्या जाहिरातसंस्थांमध्ये त्या काळी कल्पना बहुधा इंग्रजीत सुचत आणि मराठी मजकूर तयार मांडणीत मागाहून बसवला जाई. ‘उल्का’ या संस्थेत काम केलेल्या जोशींनी मात्र अक्षराचा आकार बोरूच्या, म्हणजे तिरकस छाटलेल्या लेखणीच्या, चालीतून समजून घेतला.

देवनागरी छपाईच्या यंत्रात बसवण्याची अडचण जुनीच होती. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात देवनागरी खिळ्यांना देखणेपण दिले, पण मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे जुळाऱ्याला शेकडो खिळे हाताळावे लागत, आणि म्हणून यंत्राच्या सोयीसाठी लिपीच छाटावी असा विचार पुढे बळावला. जोशींनी हा प्रश्न उलटा केला: लिपीचे नियम यंत्रालाच शिकवावेत.

१९८३ पासून मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी अध्यापन केले आणि पुढे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात भारतीय लिप्यांवर काम केले. तोवर प्रत्येक टंकनिर्माता आपल्या सोयीने अक्षरांना सांकेतिक क्रमांक देई, त्यामुळे एका टंकातील मजकूर दुसऱ्यात निरर्थक दिसे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत क्रमांक मिळतो तो मूळ वर्णाला; क्, ष यांचा क्ष करणे, र् चा रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणे, व्यंजनानंतर टंकलेली ऱ्हस्व वेलांटी त्याच्या आधी दाखवणे, हे काम टंकात लिहिलेले नियम आणि संगणकाची मांडणीप्रणाली मिळून करतात. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ हा या पद्धतीचा टंक मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० बरोबर आला आणि त्यामुळे मुंबईतील मुद्रणालयांपासून मावळातील कान्ह्यासारख्या गावांपर्यंत, जिथे संगणक होता तिथे, वेगळा टंक विकत न घेता मराठी लिहिण्याची वाट मोकळी झाली.

सौंदर्याच्या कसोटीवर ‘मंगल’ ही जोशींची सर्वोत्तम कृती म्हणता येणार नाही. पडद्यावरील स्पष्टतेसाठी बोरूचा लवचिकपणा त्यात बराच आवरलेला आहे. शिवाय त्यातील ल आणि श यांची रूपे हिंदी वळणाची असल्याने मराठी वाचकांना ती खटकत राहिली. मराठी वळणाचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श महाराष्ट्र शासनाने प्रमाण ठरवले ते ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने, म्हणजे जोशींच्या निधनानंतरच्या वर्षी.