टाकीतील माशांची भांडणे

घरात शोभेच्या माशांची टाकी आली, की काही दिवसांतच एखाद्या माशाची शेपटी कुरतडलेली दिसते. दोष बहुधा माशाचा नसून निवडीचा असतो. पट्टेदार टायगर बार्ब हा थव्याने राहणारा मासा. दोन-तीनच ठेवले, तर ते एंजल माशाच्या लांब परांना चावे घेतात. आठ-दहा असले, तर त्यांच्या कुरबुरी बव्हंशी आपसांतच राहतात. फायटरचे दोन नर मात्र कधीही एकत्र ठेवू नयेत.

एंजल, ऑस्कर हे सिक्लिड कुळातील मासे. ते जागेसाठी लढतात. नवा मासा सोडण्यापूर्वी दगड व पाणवनस्पतींची मांडणी बदलली, की जुन्यांच्या हद्दी पुसल्या जातात. दिवा मालवून सोडल्यास अधिक बरे. दांडगट माशाला काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवावे. परतल्यावर तोच नवखा ठरतो.

यवतमाळच्या उन्हाळ्यात यात आणखी भर पडते. पाणी तापले, की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशांची गरज मात्र वाढते. गर्दीच्या टाकीत दुबळे मासे तेव्हा आधी दगावतात. पाणी बदलावे म्हटले, तर तेही हाताशी हवे. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह धरणांवर विसंबलेल्या या शहराने तीव्र टंचाई सोसली. अशा ठिकाणी मुळातच मासे थोडे ठेवावेत, हवेचा पंप बंद पडू देऊ नये. नकोसा झालेला मासा धरणात किंवा नदीत सोडू नये, दुकानदाराला परत द्यावा.