गीतरत्न : पवित्र ग्रंथातलं प्रेमकाव्य

हिब्रू बायबलमध्ये एक छोटंसं पुस्तक आहे, ‘शिर हा-शिरीम’, म्हणजे गीतांमधलं सर्वश्रेष्ठ गीत. मराठी बायबलमध्ये त्याचं नाव ‘गीतरत्न’. फक्त 8 अध्याय, 117 वचनं.

मी ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा वाटलं, आज्ञा असतील, पाप-पुण्य असेल. तसलं काहीच नाही! एक तरुणी आणि तिचा प्रियकर एकमेकांच्या केसांचं, ओठांचं, स्तनांचं, मांड्यांचं कौतुक करतायत. डाळिंबं, द्राक्षमळे, गंधरसाचा वास. मुलाबाळांचा विषयही नाही. आणि जास्त बोलते ती बाई. रात्री त्याला शोधत शहरभर फिरते, पहारेकरी तिला मारतात, तरी ती शोध सोडत नाही.

परंपरेनुसार हे शलमोन राजाचं काव्य. पण त्यात बागेसाठी ‘पर्देस’ हा मूळचा इराणी शब्द येतो. आपल्या कानावरचा ‘फिरदौस’ त्याच कुळातला. त्यामुळे पुस्तकाचं आजचं रूप शलमोनाच्या बरंच नंतरचं, असं अनेक अभ्यासक मानतात.

मग हे पवित्र ग्रंथांत बसलं कसं? यावर ज्यू धर्मगुरूंमध्ये खरंच वाद होता. दुसऱ्या शतकात रब्बी अकिवा ठामपणे म्हणाले, बाकीचे ग्रंथ पवित्र, पण हे परमपवित्र. आणि हेच अकिवा मेजवान्यांमध्ये ते गाणाऱ्यांवर जाम भडकले होते. म्हणजे बघा, लोक ते मेजवान्यांमध्ये गात होते! नाहीतर भडकायचं कशाला?

उपाय निघाला रूपकाचा. प्रियकर म्हणजे देव, प्रेयसी म्हणजे इस्राएल. ख्रिस्ती लोकांनी तिथे ख्रिस्त आणि चर्च पाहिलं. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या बर्नार्ड या मठाधिपतीने यावर 86 प्रवचनं लिहिली आणि तरी तो जेमतेम तिसऱ्या अध्यायापर्यंत पोचला.

भाष्यं अशी वाढत गेली, पण मूळ मजकूर कुणी सोवळा केला नाही. वल्हांडणाच्या सणात अनेक सिनेगॉगमध्ये तो आजही वाचतात.

“ते खरं तर देवाबद्दल आहे” असं म्हणून आपण सुटकेचा श्वास सोडतो. मला मात्र उलटं वाटतं. देवावरचं प्रेम सांगायला त्या माणसांना दोन शरीरांच्या ओढीहून मोठी उपमा सापडली नाही. त्या ओढीची त्यांना लाज वाटत असती, तर ती देवापर्यंत नेलीच नसती.

भेटू पुढच्या भागात.