घर आणि लाट

मालगुंड हें गांव गणपतीपुळ्याच्या उत्तरेस अगदीं लागून आहे. एका अंगास जांभ्या दगडाचा डोंगर, दुसऱ्या अंगास गायवाडीची पुळण आणि या दोहोंमध्यें माडापोफळींच्या सावलींत बसलेलीं कौलारू घरें, अशी या गांवाची ठेवण आहे. येथेंच १८६६ सालीं कृष्णाजी केशव दामले, म्हणजे मराठी काव्याला नवें वळण लावणारे केशवसुत, जन्मास आले. त्यांचें जन्मघर कोंकण मराठी साहित्य परिषदेनें नीट करून १९९४ सालीं स्मारक म्हणून लोकांस खुलें केलें. तें पाहून पुळणीकडे चालत निघालेल्या प्रवाशाच्या मनांत एक प्रश्न सहज उभा राहतो. समुद्र इतका जवळ असतां जुनें गांव त्याच्या कांठावर कां बसलें नाहीं? आज शहरांतील मनुष्याला चार दिवसांच्या विसाव्यासाठीं हवा असतो तो अगदीं लाटेजवळचा मुक्काम. एका कुटुंबाला एक स्वतंत्र बंगली, बंगलीपुढें सज्जा, सज्ज्यापुढें वाळू आणि वाळूपुढें पाणी, हें त्याचें स्वप्न. मग शेंकडों वर्षें याच किनाऱ्यावर राहिलेल्या लोकांना तें कां पडलें नाहीं?

याचें उत्तर पावसाळ्यांत मिळतें. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटींच्या पातळींत दोन मीटरांहून अधिक फरक पडतो. ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत नैर्ऋत्येचा वारा लाटांना सरळ किनाऱ्यावर आणून आदळतो. पुळणीवरची वाळू या दिवसांत वाहून जाते व पाऊस सरल्यावर हळूहळू पुन्हां भरून येते. खारी हवा लोखंड खाते, भिंतीचा चुना सोडविते. हें ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या पाहिलें, त्यांनीं घर आणि लाट यांमध्यें पदरांमागून पदर ठेविले. पहिला पदर पुळणीचा. ती कोणा एकाची नव्हे. तिच्यावर होड्या ओढून ठेवावयाच्या, जाळीं वाळत घालावयाचीं. दुसरा पदर केवड्याच्या बनाचा, उंडीच्या झाडांचा आणि मागाहून आलेल्या सुरूंचा. वाळू धरून ठेवणें व वारा अडविणें हें त्याचें काम. तिसरा पदर आगरांचा. आणि त्यांच्या मागें, पाखाडीच्या कडेला, ओटी, माजघर, पडवी असलेलें घर. त्याच्याहि पश्चिमेच्या अंगास पाऊस लागण्यापूर्वीं नारळाच्या झांपांचा आडोसा बांधावयाचा. समुद्र हा शेजारी खरा, परंतु त्याला ओटीवर बोलावण्याची रीत नव्हती. नारळीपौर्णिमेस त्याला नारळ अर्पण करावयाचा, तोहि त्याच्या दारीं जाऊन.

या रीतीला अपवाद होता तो देवाचा. गणपतीपुळ्याचें देवालय थेट पुळणीला लागून उभें आहे आणि देवाचें मुख पश्चिमेस, समुद्राकडे आहे. डोंगर हाच देव अशी भावना असल्यामुळें प्रदक्षिणा घालावयाची ती सबंध डोंगराला. आणि तशी ती घालणाऱ्याच्या एका बाजूला देव व दुसऱ्या बाजूला कांहीं अंतर समुद्र असतो. लाटेच्या इतक्या जवळ कायमचें राहण्याचा अधिकार लोकांनीं देवाला दिला; स्वतः मात्र ते मागें सरले. यात्रेकरूहि वाळूवर पाय भिजवून, दर्शन घेऊन, मुक्कामास जात तो वस्तींत. कोणी ओळखीच्या घरीं, कोणी धर्मशाळेंत. अशा मुक्कामाला मराठींत 'उतरणें' म्हणतात, हें अर्थपूर्ण आहे. जो उतरतो तो पुन्हां चढून पुढें जाणार, हें त्या शब्दांतच गृहीत आहे.

समुद्रकांठीं केवळ सुखासाठीं घर बांधण्याची हौस जगांत मात्र फार जुनी आहे. 'व्हिला' हा शब्दच मुळीं रोमन लोकांचा. नेपल्सच्या उपसागरावर धनिक रोमनांच्या हवेल्यांची रांग लागलेली असे. धाकट्या प्लिनीनें रोमजवळच्या लॉरेंटम येथील आपल्या समुद्रकांठच्या घराचें वर्णन एका पत्रांत मोठ्या आवडीनें केलें आहे. टायबीरियस बादशहानें तर आयुष्याचीं शेवटचीं सुमारें दहा वर्षें काप्री बेटावर काढलीं आणि तेथूनच साम्राज्याचा कारभार हांकला. परंतु रोमचें वैभव गेलें व त्याबरोबर ही हौसहि मावळली. पुढें कित्येक शतकें युरोपांतहि समुद्रकांठ म्हणजे कोळ्यांची, खलाश्यांची व चांच्यांच्या भयाची जागा असाच समज राहिला.

तो समज पालटला अठराव्या शतकांत, आणि पालटला तो सौंदर्यामुळें नव्हे, तर औषधामुळें. रिचर्ड रसेल नांवाच्या इंग्रज वैद्यानें १७५० सालीं समुद्राच्या पाण्याच्या औषधी गुणांवर ग्रंथ लिहिला. रोगी ब्रायटनच्या किनाऱ्यावर जाऊन तें पाणी अंगावर घेऊं लागले, इतकेंच नव्हे तर पिऊंहि लागले. रोग्यांमागून राजपुत्र आला, राजपुत्रामागून सरदार आले, आणि एकोणिसाव्या शतकांत आगगाडी सुरू झाल्यावर कारकून व कामकरीहि आले. हिंदुस्थानांतून एक शब्दहि तिकडे गेला. बंगाल्यांतील उतरत्या छपराच्या बैठ्या घराला म्हणतात तो 'बंगला'. १८६९-७० च्या सुमारास केंट परगण्यांत वेस्टगेट व बर्चिंग्टन येथें समुद्रकांठीं हवा खाण्यासाठीं जीं स्वतंत्र घरें बांधलीं गेलीं, त्यांना हेंच नांव मिळालें. आज जगांतील सर्व उष्ण बेटांवर जो 'बंगलो' प्रवाशांना भाड्यानें देतात, त्याच्या नांवाचें मूळ असें आपल्याच देशांत आहे.

या सुखाच्या दुसऱ्या बाजूचें उदाहरण पाहावयास मालगुंडाहून दूर जाण्याचें कारण नाहीं. १८८५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांनीं मंडाले घेतलें व ब्रह्मदेशचा राजा थिबा याला पदच्युत केलें. त्याला प्रथम मद्रासेस व पुढें १८८६ च्या एप्रिलांत रत्नागिरीस आणून ठेविलें. आरंभीं बरींच वर्षें तो सरकारनें दिलेल्या बंगल्यांत राहिला; १९१० च्या सुमारास त्याच्यासाठीं नवा राजवाडा बांधून झाला. विटांचें व जांभ्याचें बांधकाम, कोरीव लांकडाच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या, खालीं भाट्याची खाडी आणि पलीकडे मोकळा समुद्र. वारा, दृश्य, एकांत, नोकरचाकर. समुद्रकांठच्या विश्रामस्थानांत प्रवासी जें जें मागतो, तें बहुतेक सर्व त्या राजाला मिळालें होतें. त्याला मिळाली नव्हती ती परत जाण्याची मोकळीक. तीस वर्षें त्यानें येथें काढलीं आणि १९१६ च्या डिसेंबरांत येथेंच देह ठेविला. राणी सुपयालत १९१९ सालीं ब्रह्मदेशास परतली. राजाची समाधि मात्र रत्नागिरींत राहिली. समुद्राकडे तोंड केलेलें एकांतांतील घर सुखाचें कीं शिक्षेचें, हें घराच्या बांधणीवर ठरत नाहीं. तेथें राहणारा तेथें 'उतरला' आहे कीं 'ठेविलेला' आहे, यावर तें ठरतें.

कोंकणच्या माणसाच्या वांट्याला याच्या नेमकें उलट आलें. त्याला आपल्या गांवीं कोणी अडकवून ठेविलें नाहीं. त्याला राहतांच आलें नाहीं. डोंगराळ जमीन थोडी, पीक थोडें, खाणारीं तोंडें पुष्कळ. म्हणून तरुण मनुष्य जयगडसारख्या बंदरांतून आगबोटीनें मुंबईस गेला आणि चाकरमानी झाला. केशवसुतहि पोटासाठीं घाटावर गेले. समुद्रापासून दूर खानदेशांत फैजपूर येथें ते शिक्षक होते, आणि १९०५ सालीं हुबळीस त्यांचा अंत झाला. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून या कवीनें कविता लिहिली, यांत नवल नाहीं. तो वारा त्यांच्या गांवावरून येत होता. तेव्हांपासून आजपर्यंत कोंकणांतील कित्येक घरांचा मालक गणपतींत व शिमग्यांत चार दिवस येतो, दार उघडतो, दिवा लावतो आणि पुन्हां कुलूप घालून निघतो. आपल्याच घरीं तो पाहुण्यासारखा उतरतो.

अशा रीतीनें घरें बंद पडत असतां विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जगांत समुद्रकांठच्या विसाव्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. १९६७ सालीं तिघा अमेरिकनांनीं ताहितीजवळच्या रायाटेआ बेटावर चक्क पाण्यांत खांब रोवून त्यांवर प्रवाशांसाठीं झोंपड्या बांधल्या. १९७२ सालीं मालदीवमध्यें कुरुंबा हें पहिलें विश्रामस्थान निघालें. पुढें तेथें एका बेटावर एकच विश्रामस्थान असा प्रघात पडला. घर आणि लाट यांमधील अंतर अशा प्रकारें अगदीं शून्यावर आलें. परंतु हें तेथेंच कां साधलें, हें लक्षांत ठेवावयास हवें. तेथें प्रवाळांचें कडें बाहेरच्या लाटा अडवितें, आंतलें पाणी तळ्यासारखें शांत असतें आणि भरती-ओहोटींतला फरक मीटरभराच्या आसपासच असतो. आपल्याकडे जें काम केवड्याचें बन करतें, तेंच तेथें प्रवाळ करतें. म्हणजे पदर तेथेंहि आहे; तो घराच्या पुढें, पाण्यांत आहे, इतकाच फरक. आणि तोहि सदा पुरतोच असें नाहीं. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामी आली तेव्हां मालदीवमधील कित्येक विश्रामस्थानें बंद ठेवावीं लागलीं. त्या देशाची बहुतेक भूमि समुद्रसपाटीपासून मीटरभर देखील उंच नाहीं. समुद्र चढूं लागला, तर मागें सरावयास तेथें जागाच उरत नाहीं.

कोंकणांत ती जागा आहे, आणि ती राखण्याचा प्रश्न आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ सालीं स्थापन झालें व पुढें गणपतीपुळ्यास त्याचें निवासस्थान उभें राहिलें. १९९८ सालीं कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धांवूं लागली. प्रवासी वाढले तशी किनाऱ्यालगतच्या जमिनीला किंमत आली. सरकारला या धोक्याची जाणीव त्यापूर्वींच झाली होती. १९८१ च्या नोव्हेंबरांत पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्यास सांगितलें. १९ फेब्रुवारी १९९१ रोजीं त्याविषयीं अधिसूचना निघाली, आणि तिच्या अन्वयें खेड्यापाड्यांच्या किनाऱ्यावर पहिले २०० मीटर नव्या बांधकामास बंद झाले. २०१९ च्या अधिसूचनेनें दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत हें अंतर ५० मीटरांवर आणलें. विरळ वस्तीच्या भागांत तें २०० मीटरच राहिलें. दिल्लीच्या कचेरींत मोजपट्टीनें जें ठरविलें, तें मालगुंडसारख्या गांवांतील जुन्या माणसांनीं केवड्याच्या बनानें व आगरांच्या गडग्यांनीं फार पूर्वींच ठरविलें होतें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें दापोली व मंडणगड तालुक्यांतील घरांचीं छपरें उडविलीं व माडापोफळींचीं आगरें झोपविलीं, तेव्हां किनाऱ्याशीं जपून वागण्याच्या या शहाणपणाची आठवण सर्वांना पुन्हां झाली.

याचा अर्थ पाहुण्यानें येऊं नये असा मुळींच नाहीं. मालगुंडांत व गणपतीपुळ्यांत आज पुष्कळ घरांच्या दारीं राहण्या-जेवण्याची घरगुती सोय असल्याच्या पाट्या दिसतात. जें घर कुलुपांत जावयाचें, तें पाहुण्यामुळें उघडें राहतें. जो मुलगा मुंबईस जावयाचा, तो कदाचित् गांवींच राहतो. आगराच्या सावलींत, गडग्याच्या आंत, एका कुटुंबापुरती स्वतंत्र खोली वा बंगली बांधून देणारा गांवकरी आपल्या आजोबांचीच रीत चालवीत असतो. रीत मोडते ती त्यापुढें वाळूकडे सरकतांना. एकाची खासगी जागा म्हणून पुळणीला कुंपण पडलें, कीं होडी ओढावयास जागा राहत नाहीं, केवड्याचें बन तुटतें, आणि लाट पुढें येते तेव्हां तिला अडविणारें कोणी उरत नाहीं.

समुद्रकांठच्या मुक्कामाचा सगळा इतिहास अशा रीतीनें एका लहानशा अंतराचा इतिहास आहे. रोमन धनिकांनीं तें वैभवाच्या बळावर ओलांडलें, इंग्रज वैद्यानें औषधाच्या नांवाखालीं ओलांडलें, प्रवाळबेटांवर तें पुसलेंच गेलें. आणि थिबा राजाला तर समुद्र डोळ्यांपुढें असूनहि त्याच्या पार जातां आलें नाहीं. मालगुंडच्या घरांपासून पुळणीपर्यंत तें अंतर कांहीं मिनिटांच्या चालण्याचें आहे. पाखाडीवरून उतरावें, आगरांच्या गडग्यांमधून जावें, सुरूंचा आवाज कानीं पडावा आणि मग एकाएकीं समुद्र समोर यावा. ज्याला सज्ज्यांतून पाय खालीं सोडले कीं पाणी लागावें असें वाटतें, त्याला या वाटेवरचें गांव दिसत नाहीं. आणि पाहुणा चार दिवसांनीं निघून गेल्यावर, आषाढांतल्या उधाणांत, घरांत झोंपलेल्या माणसांचें रक्षण करावयाचें असतें तें याच अंतरानें.