मराठी रहस्यकथा आणि मराठवाड्यातील ग्रामीण वाचक : हसनाबादच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

बाबा पद्मनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) पासून मराठी कादंबरीच्या वाटचालीची नोंद वाङ्मयेतिहासकारांनी बारकाईने ठेवली आहे. रहस्यकथेच्या वाट्याला मात्र या इतिहासात एखादा परिच्छेद आणि काही लेखकांची नावे यांपलीकडे फारसे काही आलेले नाही. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) या एका लेखकाच्या नावावर १,०४२ रहस्यकथा जमा आहेत आणि या संख्येची दखल गिनेस बुकाने घेतली आहे. एवढे विपुल लेखन कोणीतरी वाचत होते, विकत घेत होते, भाड्याने आणत होते. हा वाचक कोण होता, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाइतकाच सामाजिक इतिहासाचाही आहे.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या बाजूने न मांडता जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद या गावाच्या बाजूने मांडला आहे. हसनाबाद हे येथे मराठवाड्यातील तालुक्याबाहेरच्या गावांचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून घेतले आहे. या अंतरावरून पाहिले असता मराठी रहस्यकथेची काही वैशिष्ट्ये, आणि तिची एक मोठी उणीवही, स्पष्ट होते.

रहस्यकथेचा उगम आणि मराठीतील आगमन

रहस्यकथा ही आधुनिक शहराची आणि आधुनिक पोलीसयंत्रणेची अपत्य आहे. लंडनचे महानगर पोलीस दल १८२९ मध्ये आणि त्याची गुप्तचर शाखा १८४२ मध्ये स्थापन झाली. एडगर ॲलन पो यांची पहिली गुप्तहेरकथा १८४१ मधील, तर शेरलॉक होम्सचा अवतार १८८७ मधील आहे. ज्या समाजात शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, त्याच समाजात 'गुन्हेगार कोण' या प्रश्नाला कथेचे मूल्य येते.

मराठीत ही कथा रूपांतराच्या मार्गाने आली. गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी वेष दिला. विसाव्या शतकाच्या मध्यावर अर्नाळकरांनी या प्रकाराला खऱ्या अर्थाने लोकप्रियता मिळवून दिली. धनंजय आणि छोटू ही त्यांची जोडी होम्स-वॉटसन यांची आठवण करून देते, तर झुंजार आणि काळापहाड हे कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना शासन करणारे नायक होत. पुढे गुरुनाथ नाईक यांनी बाराशेहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. सुहास शिरवळकर (१९४८-२००३) यांनी बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोझ इराणी, दारा बुलंद अशा नायकांच्या मालिका उभ्या केल्या. १९८२ च्या 'दुनियादारी'मुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, तथापि त्यांच्या भाषेचा वेग आणि संवादांचे कौशल्य रहस्यकथांतच घडले, हे विसरता येत नाही.

निजामी राजवट आणि वाचनाची दुसरी परंपरा

मराठवाड्यापर्यंत हा प्रवाह पोहोचण्यात राजकीय सीमेचा अडसर होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानाचा भाग होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी शाळा आणि मराठी वाचनालये यांना प्रतिकूल परिस्थितीत वाट काढावी लागली. १९३७ मध्ये निजाम राज्यातील मराठी साहित्य परिषदेची स्थापना झाली, तीही याच पार्श्वभूमीवर.

परिणामी मराठवाड्यात साक्षर झालेल्या जुन्या पिढीपुढे रहस्याच्या दोन परंपरा होत्या. एक मराठी आणि दुसरी उर्दू. उर्दूत 'तिलिस्म-ए-होशरुबा'सारख्या दास्तानांची अद्भुतपरंपरा होतीच. त्यात १९५२ पासून इब्ने सफी यांच्या 'जासूसी दुनिया'ची भर पडली. अलाहाबादेत सुरू झालेल्या या मालिकेची हिंदी आवृत्तीही निघत असे आणि तीत कर्नल फरीदी या नायकाचे नाव 'विनोद' असे केलेले होते. भाषेच्या भिंती ओलांडून एकच कथा दोन नावांनी वाचली जात होती, ही बाब मराठवाड्यासारख्या द्वैभाषिक प्रदेशाच्या वाचनेतिहासात विशेष महत्त्वाची आहे. मराठी रहस्यकथेचा इतिहास केवळ इंग्रजी प्रभावाच्या अंगाने लिहिल्यास ही बाजू हातातून निसटते.

गाव कोठे आहे?

मराठी रहस्यकथेची भूमी प्रामुख्याने मुंबई हीच राहिली. बंगले, क्लब, गोदी, टॅक्सी, टेलिफोन हे तिचे नेपथ्य होय. गावातील वाचकाला या नेपथ्याचे आकर्षण होते, कारण न पाहिलेल्या शहराचे दर्शन त्याला त्यातून घडत होते. परंतु त्याचे स्वतःचे गाव या कथांत क्वचितच आले. आले तरी ते नायकाने सुटीसाठी जाण्याचे किंवा भुताटकीच्या वाड्याचे ठिकाण म्हणून.

याला काही सन्माननीय अपवाद आहेत. कोल्हापूरचे बाबा कदम हे व्यवसायाने वकील. त्यांच्या कादंबऱ्यांत कोर्टकचेरी आणि ग्रामीण वातावरण यांना मुंबईइतकेच स्थान मिळाले. भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे पुण्यात शिकत असला तरी फुरसुंगीचा आहे. मराठीतील सर्वांत लाडका बालगुप्तहेर गावाकडचा असावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. मराठवाड्याच्या गावाला मात्र असा नायक लाभला नाही.

वास्तवात गुन्हा मराठवाड्याला अपरिचित नव्हता. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे घडलेल्या हत्याकांडाने सारा महाराष्ट्र हादरला. दुष्काळाचे ते दिवस होते. बळी पडलेल्यांत प्रामुख्याने स्त्रिया आणि अल्पवयीन मुली होत्या. गुप्तधनाचा लोभ आणि नरबळीची अंधश्रद्धा यांच्याशी हे प्रकरण निगडित असल्याचे तपासात पुढे आले. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना यावे लागले. १९६८ मध्ये रमण राघव प्रकरणाचा छडा लावणारे अधिकारी ते हेच. म्हणजे रहस्यकथेतील मुंबईचा गुप्तहेर प्रत्यक्षात मराठवाड्यात अवतरला, परंतु ज्या प्रश्नाची उकल त्याला करावयाची होती तो रहस्यकथेच्या परिचित साच्यात बसणारा नव्हता. येथे गुन्हेगार अनोळखी गर्दीत लपलेला नव्हता. गावातील सत्ता, जात, दारिद्र्य आणि श्रद्धा यांच्या आवरणाखाली गुन्हा झाकला गेला होता. 'कोण' या प्रश्नापेक्षा 'कोणी का बोलले नाही' हा प्रश्न मोठा होता.

मराठी रहस्यकादंबरीने हा प्रश्न त्या काळात हाती घेतला असता तर तिचे स्वरूप पालटले असते. कुलकर्णी यांनी आपल्या तपासाच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. या घटनेवर आधारित मालिका २०२४ मध्ये आली. मधल्या अर्धशतकात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही झाला. लोकप्रिय कादंबरीने मात्र हे क्षेत्र बहुतांशी मोकळेच सोडले.

ग्रंथालय आणि जतनाचा प्रश्न

१९६७ हे वर्ष या संदर्भात लक्षणीय आहे. या एकाच वर्षी महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आणि महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम हे दोन कायदे झाले. पहिल्याने पोलीस पाटलाचे पद नव्याने बांधले, दुसऱ्याने गावोगावच्या ग्रंथालयांना मान्यता व अनुदानाचा मार्ग खुला केला. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला आणि जिल्हा पातळीवरील यंत्रणा अधिक जवळ आली.

परंतु रहस्यकथेचे पुस्तक हे जतन करण्यासाठी छापलेले नव्हते. हलका कागद, कच्ची बांधणी, हातोहात फिरणे आणि शेवटी रद्दी, असा त्याचा जीवनक्रम होता. ग्रंथालयांत 'जीर्ण' म्हणून सर्वांत आधी बाद होतात ती हीच पुस्तके, कारण सर्वाधिक वाचली जातात तीही हीच. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी अभ्यासक्रमाबाहेरचे म्हणून ती सहसा घेतली नाहीत. त्यामुळे हजारावर पुस्तके लिहिणाऱ्या लेखकाचे समग्र साहित्य एके ठिकाणी पाहणे आज अभ्यासकाला दुरापास्त झाले आहे.

नव्या वाचनाच्या वाटा

अलीकडच्या काळात या प्रकाराकडे वाचक पुन्हा वळताना दिसतो. भालबा केळकर यांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स, अशोक जैन यांनी अनुवादित केलेल्या सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा आणि मधुकर तोरडमल यांनी केलेले अगाथा ख्रिस्ती यांच्या कादंबऱ्यांचे अनुवाद यांनी दर्जेदार रहस्यकथा मराठी वाचकाच्या हाती दिली. हृषीकेश गुप्ते यांच्यासारख्या लेखकांनी भय आणि गूढ यांना गावाच्या व कुटुंबाच्या अंतरंगाशी जोडले. २०१७ पासून श्राव्य पुस्तकांच्या माध्यमातून, पुस्तकाचे दुकान नसलेल्या गावातही मोबाइलवरून ही कथा ऐकता येऊ लागली.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, मराठी रहस्यकथेने गावाला वाचक म्हणून सामावून घेतले, विषय म्हणून मात्र दूर ठेवले. तिचा इतिहास लिहिताना लेखकांच्या याद्या पुरेशा नाहीत. वाचनालयांची दाखल-नोंदवही, देवघेवीची नोंदवही, घराघरांतील माळ्यावर उरलेली पुस्तके आणि ज्येष्ठ वाचकांच्या आठवणी हीच या इतिहासाची खरी साधने होत. उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत रहस्यकथा वाचलेली पिढी आता झपाट्याने मागे पडत आहे. हसनाबादसारख्या परिसरातील महाविद्यालयांनी मराठी, उर्दू, इतिहास आणि ग्रंथालयशास्त्र या विभागांच्या सहकार्याने या साधनांचे संकलन हाती घेतल्यास ते अल्प खर्चात होण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यासाठी याहून जवळचा विषय मिळणे कठीण. हे काम येत्या काही वर्षांत झाले नाही, तर मराठवाड्याच्या वाचनेतिहासातील हे प्रकरण पुराव्याअभावी कायमचे बंद होईल.