पाच मिनिटांच्या थांब्याचं कुलूप

आज कुलपाबद्दल बोलायचं आहे. घराच्या दाराच्या नाही, सायकलच्या.

बोईसरमधून सायकल अजून गेलेली नाही. सकाळच्या शिफ्टच्या वेळी तारापूर एमआयडीसीच्या रस्त्यावर जरा थांबून पाहा. सरावली, पास्थळ, कुरगावकडून सायकली येत असतात आणि त्यांत आता आपल्या बायकाही असतात. रिक्षाचे पैसे वाचतात, हजेरीला उशीर होत नाही. परतताना मात्र आपण सरळ घरी येत नाही. नवापूर नाक्याला भाजी, मग गिरणीतून दळण, मग मेडिकल, कधी रेशन. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं, पाच मिनिटं. “एवढ्याशासाठी कशाला कुलूप?” असं आपणच म्हणतो, आणि सायकल जाते ती बहुतेक अशाच वेळी.

आमच्या गटात सायकलसाठी अंतर्गत कर्ज घेणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. त्यांतल्या एकीची सायकल दुकानाबाहेरून गेली तेव्हा कर्जाचे सात हप्ते बाकी होते. सायकल नाही, पण हप्ता आहे. त्या महिन्यात तिनं कामावर चालत जाऊन उशीर झाला म्हणून दोन खाडेही भोगले. त्या दिवसाच्या बैठकीत आम्ही पहिल्यांदा कुलूप या गोष्टीचा नीट विचार केला आणि विचार करता करता इतिहासात शिरलो. तोच आज सांगतो.

आज आपण चालवतो तशी, दोन सारख्या चाकांची आणि साखळीवर चालणारी सायकल इंग्लंडमध्ये 1885 साली आली. तिचं नाव रोव्हर, बनवणारे जॉन केम्प स्टार्ली. तीन वर्षांनी डनलॉप यांनी हवेचा टायर आणला आणि हाडं खिळखिळी होणं थांबलं. तिकडच्या बायकांना सायकलमुळे पहिल्यांदा सोबतीशिवाय, गाडीघोड्याशिवाय घराबाहेर पडता आलं. आपल्याकडे मात्र सायकल आली ती साहेबाची आणि सावकाराची वस्तू म्हणून. रॅले, हर्क्युलस, बीएसए अशा विलायती सायकली बोटीनं मुंबईला उतरायच्या. साध्या माणसाला ती परवडायला पुढे कित्येक वर्षं लागली. स्वातंत्र्यानंतर सोनिपतला ॲटलस, लुधियान्याला हिरो असे देशी कारखाने उभे राहिले, तेव्हा ती कामगाराच्या, पोस्टमनच्या, शिक्षकाच्या हाती आली.

तेव्हाच्या सायकलला कागदपत्रांचाही थाट होता. आपल्या राज्यात अनेक नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या आणि पावतीबरोबर धातूचा बिल्ला द्यायच्या. बिल्ला नसला किंवा रात्री दिवा नसला तर दंड. आज आपल्या सायकलची नोंद कुठल्याही कचेरीत नसते. करातून सुटलो हे खरं, पण सायकल माझीच आहे हे सांगणारा तो बिल्लाही गेला.

आता कुलूप. मुंबईत 1897 साली अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. त्या आधी चांगलं कुलूप म्हणजे विलायती, असाच समज होता. आपल्या आज्ज्यांनी पेटीला, कोठीला लावलेली पितळी कुलपं आठवा. ती मजबूत होती, पण सायकलवर घेऊन फिरायची नव्हती. सायकलला हवं होतं सोबत चालणारं कुलूप.

ते मिळालं मागच्या चाकावर बसवलेल्या गोल कुलपाच्या रूपानं. दुकानदार त्याला रिंग लॉक म्हणतात. घोड्याच्या नालेसारखा आकार, आत स्प्रिंग, खटका दाबला की दांडी चाकाच्या तारांमधून आरपार जाते. त्याची युक्ती आम्हाला फार आवडते. कुलूप उघडं असेपर्यंत किल्ली निघत नाही आणि किल्ली हातात आली म्हणजे कुलूप लागलंच. हातात पिशवी, काखेत पोर असलेल्या बाईला यापेक्षा सोपं काय असणार? हॉलंडमध्येही आजपर्यंत हेच कुलूप सर्रास आहे.

हॉलंडचीच एक गोष्ट. 1965 साली अॅम्स्टरडॅम शहरात काही तरुणांनी सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर ठेवल्या. कुलूप नाही, मालक नाही, ज्याला हवी त्यानं न्यावी, काम झालं की सोडून द्यावी. पोलिसांनी त्या उचलून नेल्या. कारण तिथल्या नियमाप्रमाणे सायकल बिनकुलपाची ठेवणं हाच गुन्हा, चोराला आमंत्रण! मग त्या पोरांनी सायकलींना नंबरची कुलपं लावली आणि उघडायचा नंबर सायकलवरच रंगवून टाकला. पुढे 2017-18 मध्ये पुण्यात मोबाईलनं उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. कुलूप तेच नालेसारखं, फक्त किल्लीऐवजी मोबाईल. त्यांची मोडतोड झाली, काही गायब झाल्या आणि थोड्या वर्षांत त्या रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. सगळ्यांची असलेली वस्तू कोण जपणार, हा प्रश्न कुलपानं सुटत नाही. तो बचत गटातल्या बायकांना पुस्तकापेक्षा जास्त कळतो.

रिंग लॉकचा दोष त्याच्या गुणातच आहे. ते चाक अडवतं, सायकल अडवत नाही. दोन माणसं सायकल उचलून टेम्पोत टाकू शकतात. शिवाय स्वस्त कुलपांच्या किल्ल्यांचे साचे मोजकेच असतात. एकीची किल्ली दुसरीच्या कुलपाला लागते, हे आम्ही बैठकीत सगळ्यांच्या किल्ल्या फिरवून पाहिलं आहे. हसू आलं, पण नंतर गप्पही झालो.

म्हणून साखळी आली, तारेचं कुलूप आलं आणि अमेरिकेत 1970 नंतर इंग्रजी यू अक्षरासारखं जाड सळईचं कुलूप आलं. क्रिप्टोनाइट नावाच्या कंपनीच्या मालकानं 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर त्या कुलपानं बांधलेली सायकल महिनाभर ठेवून दाखवली. चोरांनी सुटे भाग काढून नेले, पण कुलूप टिकलं. मोठा गाजावाजा झाला. आणि 2004 मध्ये काय उघडकीला आलं? त्याच प्रकारच्या, गोल नळीसारख्या किल्लीच्या कुलपांत साध्या बॉलपेनाची नळी खुपसून फिरवली की काही उघडत होती. कंपनीला ती बदलून द्यावी लागली. आपल्या बाजारातही स्वस्तातल्या तारेच्या कुलपांना अशी गोल किल्ली असते. दुकानात किल्लीचं तोंड बघा. गोल नळी असेल तर आम्ही तरी घेणार नाही.

कधीच उघडणार नाही असं कुलूप असतं का? लंडनमध्ये ब्राम्हा नावाच्या कारागिराच्या दुकानात एक कुलूप काचेमागे ठेवलेलं होतं. उघडून दाखवेल त्याला 200 गिनी बक्षीस. साठ वर्षांहून जास्त काळ ते कुणाला उघडलं नाही. मग 1851 च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाचा अमेरिकन आला आणि सोळा दिवसांत मिळून सुमारे 51 तास खटपट करून त्यानं ते उघडलं. म्हणजे कुलूप आपल्याला विकत काय देतं, तर वेळ. आपल्याला 51 तास नकोत. भर बाजारात, माणसांच्या डोळ्यांसमोर चोराला पाच-दहा मिनिटं लागली तरी तो पुढच्या सायकलकडे जातो.

याच हिशेबानं आमच्या गटानं ठरवलं. मागच्या चाकाचं रिंग लॉक असू द्यावं आणि त्याच्या जोडीला एक आटोपशीर तारेचं किंवा साखळीचं कुलूप ठेवावं, हातभर लांब, कापडी किंवा रबरी आवरणाचं, सीटखाली गुंडाळून राहील असं. जड साखळी घेऊ नये. जड वस्तू चार दिवसांनी घरीच राहते आणि घरी राहिलेलं कुलूप चोराच्याच उपयोगाचं. तार नुसती चाकातून घालू नका. मागचं चाक, सांगाडा आणि एखादी पक्की गोष्ट, म्हणजे खिडकीची जाळी, दुकानाचा लोखंडी खांब किंवा मैत्रिणीची सायकल, अशी एकत्र बांधा. दोन सायकली एकमेकींना बांधल्या तर उचलून नेणं फार अवघड. लेडीज सायकलला वरची दांडी नसते, म्हणून तार सीटखालच्या उभ्या दांडीतून घ्यावी. नंबरचं कुलूप घेतलंत तर तो नंबर मुलांच्या जन्मसालाचा ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

रेल्वे स्टेशनची गोष्ट वेगळी. तिथे सायकल दिवसभर उभी असते. 2013 मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत गेल्यापासून आपल्याकडच्या कितीतरी बायका विरार, मुंबईकडे कामाला जातात. त्यांनी पैसे देऊन स्टँडवरच ठेवावी, कुलूप कितीही चांगलं असो.

सायकलची किंमत बाहेरच्यांना कळत नाही. इटलीत 1948 साली ‘बायसिकल थीव्ह्ज’ नावाचा सिनेमा निघाला आणि 1952 मध्ये मुंबईच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. त्यातल्या माणसाला सायकल असेल तरच नोकरी मिळणार असते आणि सायकल गहाण पडलेली असते. बायको पलंगावरच्या चादरी काढते, गहाण ठेवते, सायकल सोडवून आणते. पहिल्याच दिवशी तो शिडीवर चढून पोस्टर चिकटवत असताना सायकल चोरीला जाते. लोक त्या बापलेकाच्या वणवणीबद्दल बोलतात. आम्हाला त्या चादरी आठवतात. 1990 नंतर तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या मोहिमेतून हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्या जेंट्स सायकलींवर बसल्या. त्यांच्या कामाचा, बाजाराचा, पाण्याचा वेळ वाचला. अशा बाईची सायकल गेली तर वस्तू एक जाते, पण तिचा सगळा दिवस परत पायांवर येतो.

चोरी झाली तर तक्रार द्यायला लाजू नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम 303 आहे, पूर्वीचं 379 नाही. वस्तू पाच हजारांच्या आतली असली तरी चोरी ती चोरीच. तक्रारीच्या वेळी बिल उपयोगी पडतं, म्हणून सायकल घेतानाच दुकानदाराकडून बिलावर फ्रेमचा नंबर लिहून घ्या. तो सीटच्या दांडीपाशी किंवा पॅडलच्या खाली ठोकलेला असतो. मोबाईलवर त्याचा फोटोही काढून ठेवा. आमच्या गटात आता सायकलच्या कर्जात कुलपाचे पैसे धरूनच मागणी लिहितात.

दुसरी किल्ली कुठे ठेवायची, हे शेवटी विचारलं जातंच. आफ्रिकेत नायजर देशात 1991 मध्ये बायकांचे बचत गट सुरू झाले. अशा गटांत पेटीला तीन कुलपं आणि किल्ल्या तिघींकडे, हा रिवाज पुढे देशोदेशी गेला. आमच्याकडे पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडे असते. तशीच सायकलची जादा किल्ली शेजारणीकडे द्या. दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवल्या तर दोन्ही एकदमच हरवतात.

आणि समुद्राची हवा लक्षात ठेवा. नवापूर, मुरबे, सातपाटीकडच्या बायकांची कुलपं खाऱ्या वाऱ्यानं एका पावसाळ्यात गंजून अडकतात. त्यात खोबरेल तेल घालू नका, ते चिकटून घट्ट होतं. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब मृगाच्या आधी आणि दोन दिवाळीच्या आधी, मग किल्ली चार-पाच वेळा फिरवा.